सासऱ्यांच्या गाडीची पुढची काच

काच फुटण्याचे एकूण सव्वीस प्रकार असतात. हे मी मनाने सांगत नाही. आमच्या विमा कंपनीच्या कचेरीत तशी यादीच भिंतीवर लावलेली आहे आणि तिच्यातला सतरावा प्रकार खुद्द मी घातलेला आहे. गेली एकवीस वर्षं मी फुटलेल्या काचांचे दावे तपासतो. तपासतो म्हणजे बहुतेक नामंजूर करतो. माणसं पडलेल्या चेहऱ्याने येतात, 'साहेब, मी काहीच केलं नाही, काच आपोआप फुटली' म्हणतात, मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांच्याकडे वरून बघतो आणि फाईलवर 'निष्काळजीपणा' हा शिक्का मारतो. शिक्का मारताना थोडा आवाज व्हावा अशी काळजीही घेतो. तर सांगायचं काय, काच या विषयात आपल्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. काच फुटते कशी हे मला तोंडपाठ होतं. ती न फुटता जागची हलवायची कशी, हा प्रश्न मात्र एकवीस वर्षांत एकाही फाईलमध्ये आला नव्हता, कारण ज्यांची फुटत नाही ते आमच्याकडे येत नाहीत.

गाडी सासऱ्यांची. शेहेचाळीस वर्षांची, फिकट हिरवी, गोल दिव्यांची. जिथे ती बनली तो कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली. सासरे शाळेत भूमिती शिकवायचे आणि गाडीविषयी बोलतानाही प्रमेय मांडल्यासारखे बोलतात. त्यातलं पहिलं प्रमेय म्हणजे तिची पुढची काच. कंपनीची मूळ काच, शेहेचाळीस वर्षांत तिला कोणाचा हात लागलेला नाही. हे वाक्य मी लग्न ठरवायला गेलो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, वर्षांचा आकडा तेवढा तेव्हा लहान होता. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी तेव्हा फारसं विचारलं नव्हतं. काचेबद्दल मात्र सविस्तर सांगितलं होतं.

सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि ही गाडी. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत आणि घरी कोणीही आलं की आधी त्या कॉटवरच बसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. पण रोज संध्याकाळी पाच वाजता ते किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये जातात, गाडीत चालकाच्या जागेवर बसतात, दार ओढून घेतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतात आणि अर्धा तास नुसते बसून राहतात. गाडी सुरू करत नाहीत. साडेपाचला वर येतात आणि चहा घेतात. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मग एकदा गॅलरीतून बघताना माझ्या लक्षात आलं, की आमच्या अख्ख्या घरात या माणसाला स्वतःच्या हाताने लावून घेता येईल असं एकही दार नाही. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. वाहन कचेरीत गाडी तपासणीला नेली. तपासनीस तरुण होता, त्याने काचेच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो न विचारता आत गेला. पत्रा गंजून पापुद्रा झाला होता. त्याने चिठ्ठी लिहून दिली: काचेखालील गंजलेला पत्रा बदलावा, काच मूळ स्थितीत बसवावी आणि तीस दिवसांत वाहन हजर करावे, अन्यथा नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे काय, तर आमच्या इमारतीच्या नियमाप्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन पार्किंगमध्ये उभं राहू शकत नाही, म्हणजे गाडी भंगारात. सासऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि त्या संध्याकाळी ते पाचऐवजी साडेचारलाच खाली गेले.

पत्र्याचं काम करणारा मिस्त्री तीन गल्ल्या सोडून आहे. त्याने पार्किंगमध्ये येऊन गाडी पाहिली आणि पत्रा दोन दिवसांत बदलतो म्हणाला. मग काचेकडे आला, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि नळाखाली हात धुतले. ही काच कुठेच मिळत नाही, म्हणाला, आणि माझ्या हातून फुटली तर तुम्ही मला जन्मभर सोडणार नाही. पत्रा माझा, काच तुमची. तुम्ही काढून ठेवा आणि गाडी आणा. आणि जाता जाता, फडक्याला हात पुसत म्हणाला, "रबर कापून टाका. काच वाचवायची असेल तर रबराची माया करायची नाही. नवं रबर मीटरवर मिळतं."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की आम्हा कोणालाच ते महत्त्वाचं वाटलं नाही. आणखी दोन गॅरेजवाल्यांनी काखा वर केल्यावर मी घरी जाहीर केलं, की काच मी स्वतः काढणार. एकवीस वर्षं काचेत काढलेला माणूस मी. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला भिंतीत साधा खिळाही ठोकू दिलेला नाही. त्यांच्या घरी मी एकदा बल्ब बदलायला स्टुलावर चढलो होतो, तर त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग स्टूल धरलं आणि मग मलाच खाली उतरवलं. पण या वेळी त्यांनी फक्त एका कागदावर काचेची आकृती काढली, कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली आणि सुरुवात 'क' पासून करायची असं खाली लिहिलं.

प्रश्न रबराचा होता. काच चारी बाजूंनी एका जाड रबरात बसवलेली असते आणि ते रबर पत्र्याच्या कडेवर. मिस्त्री म्हणतो कापा. आता आमच्या घराची पद्धत सांगतो. भेटवस्तूचा कागद आमच्याकडे फाडत नाहीत, चिकटपट्टी नखाने सोडवून कागद गादीखाली सरळ करायला ठेवतात. आधीच्या फ्रिजच्याही आधीच्या फ्रिजचं खोकं माळ्यावर आहे. मोडक्या छत्रीच्या काड्या आहेत, त्यांचं काय करायचं ते कोणाला माहीत नाही, पण त्या आहेत. अशा घरातल्या माणसांना धडधाकट रबरावर सुरी चालवायला सांगायचं म्हणजे काय बोलणं झालं? बायको खाली आली, तिने अंगठ्याने रबर दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, चांगलं आहे की अजून." झालं. तिथे विषय संपला. मी सासऱ्यांकडे बघितलं, ते टायरकडे बघत होते. मी ती संमती समजलो.

त्यानंतर परवानगी. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नियमाने वागतात आणि त्यांना नियम सापडला नाही तर ते अस्वस्थ होतात. छापील अर्जात तीनच रकाने होते: रंगकाम, नळदुरुस्ती आणि इतर. मी 'इतर'मध्ये काच काढणे असं लिहिलं. सेक्रेटरींनी अर्ज चार दिवस ठेवून घेतला. त्यांची शंका अशी, की पुढची काच नसलेल्या गाडीला गाडी म्हणायचं का? पार्किंगची जागा गाडीसाठी दिलेली आहे. काच नसेल तर ते सामान झालं आणि पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई आहे. मी त्यांना म्हटलं, माणसाने चष्मा काढला तर तो माणूस राहत नाही का? त्यावर त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि आणखी एक दिवस मागून घेतला. शेवटी परवानगी मिळाली ती दोन रविवारची, सकाळी नऊ ते बारा, आणि बारानंतर काच नसलेली वस्तू पार्किंगमध्ये दिसता कामा नये, या अटीवर.

पहिल्या रविवारी पावणेनऊलाच वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अर्ध्या चड्डीत खाली आले. हातात चामड्याची पिशवी. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण अर्जाची प्रत नोटीस बोर्डावर लागल्यामुळे सगळ्या इमारतीला माझा बेत ठाऊक झाला होता. त्यांचं म्हणणं असं, की काच आणि दात यांत फरक नाही, हिरडी सोडवल्याशिवाय ओढायचं नाही. पिशवीतून त्यांनी चपट्या टोकाची दोन हत्यारं काढली. मी घरातून लाकडी उलथनं, साबणाचं पाणी आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. ड्रायरची वायर पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंच्या खिडकीतून घेतली होती. त्यामुळे त्या बाईही खिडकीत बसल्या आणि प्रत्येक हालचालीवर मत देऊ लागल्या. काच खालून ढकलावी, असं त्यांचं पहिलं मत होतं. दहा मिनिटांनी ते वरून ढकलावी असं झालं.

रबराच्या खाचेत एक चकचकीत पट्टी ठोकलेली असते, ती आधी काढायची. अर्ध्या तासाचं काम म्हणून मी ते हाती घेतलं. पावणेदोन तासांनी पट्टी निघाली, तीन ठिकाणी वाकडी आणि एका ठिकाणी माझ्या अंगठ्यात. डॉक्टरांनी अंगठा बांधला, सवयीने मला चूळ भरायला सांगितलं आणि मीही सवयीने भरली. मग रबर. शेहेचाळीस वर्षांत ते दगड झालं होतं. मी ड्रायरने ऊब द्यायची, बायकोने साबणाचं पाणी सोडायचं, डॉक्टरांनी चपट्या हत्याराने रबराचा ओठ उचलायचा. वीतभर ओठ सुटला की आम्ही पुढे सरकायचो आणि मागचा ओठ शांतपणे पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायचा. असं तीनदा झालं. सासरे घडीच्या खुर्चीवर बसून आकृतीत पेन्सिलने खुणा करत होते आणि त्यांची पेन्सिल वीतभर पुढे जाऊन वीतभर मागे येत होती.

साडेअकराच्या सुमाराला मला तडा दिसला. 'ब' कोपऱ्यापासून निघून काचेच्या मध्यापर्यंत गेलेली एक बारीक, काळी, वळणदार रेघ. मी हातातला ड्रायर खाली ठेवला. खिडकीतल्या बाईंनी ड्रायरचा स्विच बंद केला. सासरे खुर्चीवरून उठले, तिथवर आले, रेघेकडे बघितलं आणि हात मागे बांधून परत जाऊन बसले. मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. एकवीस वर्षांत समोर बसलेल्या माणसांचे चेहरे असे का असतात ते मला त्या घटकेला कळलं. डॉक्टरांनी तोंडात घालायचा छोटा आरसा काढला, रेघेच्या मागून धरला, बराच वेळ पाहिलं आणि मग ती रेघ चिमटीत पकडून उचलली. ड्रायरमधून उडून साबणाच्या पाण्यात चिकटलेला माझ्या बायकोचा केस होता तो.

बारा वाजता सेक्रेटरी घड्याळ घेऊन आले. काच जागच्या जागी होती. त्यांना हायसं वाटलं.

मधल्या आठवड्यात कचेरीत माझ्याकडे एक गृहस्थ आले. दुकानातल्या कपाटाची काच बाहेर काढताना त्यांच्याकडून फुटली होती. मी शिक्का उचलला आणि तसाच हातात धरून त्यांना विचारलं, तुम्ही नक्की कुठून ढकलत होता? तळहाताने की बोटांनी? आवाज आधी आला की भेग? ते बिचारे आधी घाबरले, मग खुलले. मी दोनदा चहा मागवला. काच कशी करकरते हे त्यांनी मला तोंडाने काढून दाखवलं, मी ते दोनदा काढून घेतलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला बरं नाही असं साहेबांना जाऊन सांगितलं. शिक्का त्या दिवशी मी मारला नाही. खरं तर पुढेही मला तो पहिल्यासारखा दणक्यात मारता आलेला नाही.

दुसरा रविवार. तीस दिवसांतले नऊ उरले होते आणि परवानगीचे तीन तास. ठरलं असं, की मी गाडीत पुढच्या लांब सीटवर आडवा पडणार, दोन्ही पाय वर करून तळवे काचेच्या 'क' कोपऱ्याला लावणार आणि हळूहळू रेटणार. बाहेर बायको आणि डॉक्टर रजई धरून उभे. पायात लोकरीचे मोजे, कारण डॉक्टरांच्या मते उघडा पाय घसरतो. या अवस्थेत माणसाचं जे काही उरतं त्याला प्रतिष्ठा म्हणता येत नाही. डोकं दाराला, पाय आभाळाकडे आणि तोंडाजवळ गियरची दांडी. अशात सेक्रेटरींनी पलीकडचं दार उघडून एक कागद माझ्या छातीवर ठेवला. मागच्या रविवारची मुदत बारा वाजून चार मिनिटांपर्यंत लांबल्याची नोंद होती, त्यावर सही हवी होती. मी तशीच, आडव्याने केली. ती माझी सही नाही असं आता कोणीही सिद्ध करू शकेल.

सासरे या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. ते येऊन गाडीत मागच्या सीटवर बसले. मला वाटलं, देखरेख. खिडक्या बंद होत्या, कारण या गाडीच्या खिडक्या खाली केल्या की वर येत नाहीत. दार लावलं की आत बाहेरचं काही ऐकू येत नाही. बायको बाहेरून काहीतरी सांगत होती, तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मी रेटायला सुरुवात केली. रबर हलेना, काच मात्र किंचित वाकायला लागली. तिच्यातून एक आवाज आला, त्या कपाटवाल्या गृहस्थांनी काढून दाखवला होता तसाच. मी पाय आणखी दाबणार तेवढ्यात मागून सासरे म्हणाले, "थांबा."

मी थांबलो. त्यांनी पुढे वाकून काचेतून मुलीला हाताने खूण केली, सुरी चालवल्यासारखी, आणि वर बोट दाखवलं. तिला कळलं, ती जिन्याकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी जिन्यावरची नजर काढली नाही. मग माझ्या डोक्यामागून, अगदी हळू, बोलू लागले.

"ही मूळची काच नाही," ते म्हणाले. "मूळची माझ्या हातून फुटली. एकतीस वर्षं झाली. रंग द्यायला काढत होतो. असाच झोपलो होतो, असेच पाय लावले होते. तेव्हाही मिस्त्रीने सांगितलं होतं, रबर काप म्हणून. मी म्हटलं, चांगलं रबर कशाला कापायचं?"

माझे पाय अजून वरच होते. मी विचारलं, मग?

"मग काय. काच गेली, रबर वाचलं. तेच हे रबर."

तेव्हा कारखाना चालू होता, म्हणून दुसरी काच मिळाली. सासूबाई तेव्हा मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा गाडीत नवी काच होती आणि सासऱ्यांनी काही सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण त्याच संध्याकाळी सासूबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या, आमच्या यांच्या हातून कधी काही फुटत नाही. ते ऐकल्यावर सांगायचं राहून गेलं. पुढे सासूबाईंनी ते वाक्य ज्याला त्याला सांगितलं आणि सासऱ्यांना मूळ काचेचं प्रमेय रचावं लागलं. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखा बारीक झाला होता. या माणसाने मला बावीस वर्षं खिळा ठोकू दिला नाही, ते माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून असं मी धरून चाललो होतो. त्याचा स्वतःवरच नव्हता. मला मान वळवून त्यांच्याकडे बघायचं होतं, पण मान वळायला जागा नव्हती, आणि खरं तर त्यांनी मला ते असं पाठमोरं असताना सांगितलं हेच बरं झालं.

"हिला सांगू नका," ते म्हणाले.

"नाही सांगत," मी म्हटलं.

बायको सुरी घेऊन आली. सासरे दार उघडं ठेवून गाडीतून उतरले, बाह्या दुमडल्या आणि 'क' कोपऱ्यावर सुरी टेकवली. डॉक्टर पुढे झाले, आपली हत्यारं देऊ लागले, त्यांना हातानेच बाजूला केलं. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेषा काढणाऱ्या माणसाचा हात होता तो. सुरी काचेला चाटून न थांबता 'क' पासून 'ड' पर्यंत गेली, तिथून 'अ', तिथून 'ब', तिथून परत 'क', आणि रबराची लांबच लांब काळी फीत बॉनेटवर पडत गेली. बायको कळवळून म्हणाली, "बाबा, चांगलं रबर कापलंत?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतूनच ओरडलो, की आतून पार सडलं होतं, बाहेरून कळत नव्हतं एवढंच. सासरे म्हणाले, हो, सडलं होतं. आम्ही दोघांनी मिळून बोललेलं हे पहिलं खोटं. ते तिने ताबडतोब ओळखलं असणार, पण रबराचा अंत्यविधी व्हायचा होता म्हणून ती गप्प बसली.

त्यानंतर मी पायांऐवजी दोन्ही हातांची नुसती बोटं लावली आणि काच निघाली. इतकी अलगद, की मला जरा अपमानच वाटला. डॉक्टरांनी एक कड धरली, सासऱ्यांनी दुसरी, मी धावत बाहेर येऊन मधून आधार दिला आणि मग आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो. काच कशी काढायची यावर तीन आठवडे खल झाला होता. काढल्यावर ठेवायची कुठे, हा विचार एकालाही शिवला नव्हता. जमिनीवर ठेवावी तर ती वाकडी, टेकेल तिथे फुटायची. लिफ्टमध्ये मावेना. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या गॅलरीत ठेवा म्हणून सांगितलं, पण त्यांच्या गॅलरीत मांजर होतं.

शेवटी जिन्याने. तीन मजले. डॉक्टर पुढून उलटे चालत होते आणि प्रत्येक पायरीला, दुखलं तर हात वर करा, असं म्हणत होते. हात वर कोण करणार? दर वळणावर काच तिरकी करायची, भिंतीला बोटभर जागा सोडायची आणि श्वास धरायचा. दारं उघडत होती, माणसं बाहेर येत होती, आम्हाला बघून परत आत जात होती. कोणी हसलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आमच्या घरात तेवढी सपाट आणि मऊ जागा एकच होती. आमचा पलंग. काच तिथे निजवली, चार कोपऱ्यांना चार उशा लावल्या आणि वरून चादर घातली. पुढचे आठ दिवस ती पलंगावर होती आणि आम्ही नवराबायको खाली सतरंजीवर. कुशीवर वळायचीही मला भीती वाटायची, वास्तविक मी जमिनीवर होतो. कापलेलं रबर बायकोने पुसून, गुंडाळून, पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. असू दे, म्हणाली, कशाला तरी होईल.

सगळं आताच सांगून टाकतो: मिस्त्रीने पत्रा बदलला, नवं रबर घातलं, काच बसली, तिसाव्या दिवशी तपासनीसाने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला नाही. नोंदणी टिकली. हे आधी सांगायचं कारण, मला थांबायचं आहे ते त्या रविवारीच.

कारण काच पलंगावर ठेवून आम्ही खाली आलो तेव्हा पावणेबारा झाले होते, सेक्रेटरी गाडीपाशी उभे होते आणि पंधरा मिनिटांत ते सामान तिथून हलवायचं होतं. मिस्त्रीकडे न्यायची कशी? काचेशिवाय गाडी रस्त्यावर चालवायला बंदी, असं चिठ्ठीच्या मागे छापलेलं होतं. ओढून न्यायची तर वाहन कचेरीचा परवाना लागतो, आणि मी शुक्रवारीच फोन करून विचारलं होतं, तो परवाना मिळायला गाडी आधी तपासणीत पास झालेली लागते. मी हातपाय गाळून बॉनेटवर बसलो. तेव्हा सेक्रेटरी, मी त्यांच्याबद्दल आजवर जे काही बोललो असेन ते मागे घेतो, माझ्याकडून वाहन कचेरीची चिठ्ठी मागून घेऊन दोनदा वाचून म्हणाले, बंदी चालवण्याला आहे. ढकलणं म्हणजे चालवणं नव्हे. आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवं होतं. मी दाराकडे वळलो तर चालकाच्या जागेवर सासरे आधीच बसलेले. किल्ली हातात. बायको म्हणाली, बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका सांगितलंय. सासऱ्यांनी सेक्रेटरींकडे बोट दाखवलं. हे म्हणाले ना आत्ता, हे चालवणं नव्हे. सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला आणि नियमाप्रमाणे त्यांना मान हलवावीच लागली.

मग आम्ही ढकललं. मागे मी, डॉक्टर आणि सेक्रेटरी, बाजूने दाराच्या चौकटीला हात लावून बायको. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा समोरून आलेला वारा काच नसल्यामुळे सरळ सासऱ्यांच्या तोंडावर आला. त्यांनी टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. पहिल्या वळणाला त्यांनी, परत वर येणार नाही हे माहीत असूनही, खिडकी खाली केली आणि उजवा हात पुरता बाहेर काढून वळण्याची खूण केली. मागे एक भाजीची पिशवी घेतलेल्या बाई चालत होत्या, त्या खूण बघून थांबल्या आणि मग आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेल्या. दुसऱ्या गल्लीत सासऱ्यांनी हॉर्न वाजवला, कारण नसताना. मी बायकोकडे पाहिलं, ती रडत होती आणि ढकलत होती. मला दम लागला होता, अंगठा ठणकत होता, मोजे तसेच पायात राहिले होते आणि चपला पार्किंगमध्येच राहिल्या होत्या.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी क्लच दाबल्याचा आवाज आला. गियरची दांडी खटकन हलली. सासऱ्यांनी मान जराशी मागे वळवली.

"जावईबापू, थोडा जोर लावा," ते म्हणाले. "तिसरा टाकतोय."

आम्ही जोर लावला.